धिंगरी मशरूमच्या धाग्यातली दोन केंद्रकं घरी कशी बघायची

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ‘क्लॅम्प कनेक्शन’ (बुरशीच्या धाग्यावरचा बारीक कान) अशी चिठ्ठी चिकटवलेली एकच पर्मनंट स्लाइड होती, आणि ती माझ्याच हातून फुटली. तीही प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी. मी तिथे २९ वर्षं लॅब अटेंडंट होतो. स्लाइडी पुसायच्या, मायक्रोस्कोप मांडायचे, स्पॉटिंगच्या चिठ्ठ्या लावायच्या. त्या वर्षी स्लाइडच्या जागी पुस्तकातलं चित्र ठेवून भागवलं. एका पोट्ट्यानं ते बघून विचारलं, "काका, हे खरंच असते का, का नुसतं काढाले ठेवलं?" मला उत्तर देता आलं नाही. दरवर्षी ती स्लाइड मी मांडत होतो, पण भिंगाला डोळा लावून नीट कधी बघितलं नव्हतं.

रिटायर झाल्यावर एक जुना मायक्रोस्कोप घेतला आणि नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, बघितलं. पहिल्या वर्षी जमलं नाही. दुसऱ्या वर्षी जमलं. तुमचं पहिलं वर्ष वाचावं म्हणून लिहितो.

आधी काय शोधायचं ते. मशरूमची छत्री म्हणजे नुसतं फळ. खरा जीव तणशीत नाहीतर कुटारात पसरलेल्या पांढऱ्या धाग्यांचा. छत्रीखालच्या पात्यांतून बीजाणू गळतो, रुजतो, त्याचा धागा होतो. या धाग्याच्या प्रत्येक पेशीत एकच केंद्रक. असे दोन वेगळ्या बीजाणूंचे धागे भेटले आणि त्यांचं जुळलं, तर भिंत विरघळून पेशी एक होतात. केंद्रकं मात्र एक होत नाहीत. माणसात, संत्र्याच्या फुलात दोन पेशी मिसळल्या की लवकरच केंद्रकंही मिसळतात. इथे ती शेजारी शेजारी राहतात आणि धागा वाढतो तशी जोडीनंच वाटली जातात. ही वाटणी ज्यातून होते तो धाग्यावरचा कान म्हणजेच क्लॅम्प. आठवडे, महिने असंच चालतं. पुढे छत्री आली की तिच्या पात्यावरच्या बॅसिडियम नावाच्या पेशीत ती दोघं पहिल्यांदा एक होतात, आणि लगेच अर्धसूत्री विभाजन होऊन चार होतात. चार केंद्रकांचे चार बीजाणू. अख्ख्या आयुष्यात केंद्रक एकजीव असतं ते एवढाच वेळ.

वर्गात याला लग्नाची उपमा दिली जायची आणि मागच्या बाकावर खिदळणं सुरू व्हायचं. मला ती उपमा पटत नाही. का ते शेवटी येईल.

बटण मशरूम घेऊ नका

ही माझी पहिली चूक. गोकुळपेठ मार्केटात तेव्हा पांढरं बटण मशरूमच मिळालं. चार संध्याकाळी मी त्याचे धागे सोडवून सोडवून बघितले. धागे होते, पेशींमधले आडवे पडदे होते, क्लॅम्प एकही नाही. मायक्रोस्कोपवर संशय घेतला, मग स्वतःच्या डोळ्यांवर. नंतर वाचनात आलं की बटण मशरूमला क्लॅम्प नसतातच. त्याच्या पेशीत केंद्रकं दोनच असतील असंही नाही, बरीच असतात. वर त्याच्या बॅसिडियमवर चाराऐवजी दोनच बीजाणू येतात आणि बहुतेक बीजाणूंत दोन दोन केंद्रकं आधीच भरलेली असतात. म्हणजे त्याला जोडीदार शोधायची गरजच फारशी उरत नाही. भातपेंढ्यावरची व्होल्व्हारिएलाही बिनक्लॅम्पची, तीही नको.

धिंगरी घ्या. करड्या-पांढऱ्या, शिंपल्यासारख्या छत्र्यांची, जिला सगळे ऑयस्टर म्हणतात. आणि छत्रीपेक्षाही तिचं स्पॉन घ्या, म्हणजे गव्हाच्या नाहीतर ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली पांढरी बुरशी, शेतकरी लावायला नेतात ते. पाव किलोची पिशवीही खूप झाली. त्यात दोन केंद्रकांचा धागा तयारच असतो. पावसाळ्यात झाडीपट्टीकडून येणाऱ्या सात्या किंवा टेकोडे या रानमशरूमवर हा प्रयोग करू नका. ज्याला ओळख आहे त्यानं ते भाजीला ठेवावेत, आणि ज्याला नाही त्यानं भाजीलाही ठेवू नयेत.

ऋतू पण सांगतो. धिंगरीच्या धाग्याला २५ अंशांच्या आसपास बरं वाटतं. मे महिन्यात नागपुरात ४५ च्या वर पारा, म्हणून मी धागा वाढवायच्या डिश कूलरच्या झोतात ठेवल्या. कूलर थंडाव्यासोबत काय काय आणतो ते तिसऱ्या दिवशी कळलं. सगळ्या डिश पोपटी-हिरव्या, ट्रायकोडर्मा नावाची दुसरीच बुरशी. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर नाहीतर फेब्रुवारी, हे आपल्याकडचे दिवस. डिसेंबरच्या रात्री धागा गारठून बसतो, मरत नाही, नुसता उशीर होतो.

पहिल्या दिवशीच क्लॅम्प

यासाठी मायक्रोस्कोप, स्लाइड, कव्हरस्लिप, दोन टाचण्या आणि लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू एवढं पुरतं. स्पॉनच्या ताज्या, शुभ्र भागातून तांदळाच्या कणीएवढा पुंजका घ्या. निळ्या रंगाच्या थेंबात टाका आणि दोन टाचण्यांनी उलगडा. इथे घाई करू नका. पुंजका नीट उलगडला नाही तर भिंगाखाली नुसता कापसाचा बोळा दिसतो. पुंजका जुनाट, पिवळसर भागातला असेल तर फेकून दुसरा घ्या. कडेचा कोवळा धागा हवा.

आधी १० चं भिंग, मग ४०. कंडेन्सर थोडा खाली, डायफ्रॅम बराचसा बंद. उजेड जास्त झाला की धाग्याच्या कडा नाहीशा होतात. नव्या माणसाला काही दिसत नाही त्याचं निम्मं कारण हेच असतं. आता एकच धागा पकडून त्याच्यासोबत सरकत राहा. रुंदी साधारण तीन-चार मायक्रॉन, पेशी मात्र लांबलचक, त्यामुळे आडवा पडदा यायला वेळ लागतो. पडदा आला की त्याच्या बाजूला बघा. चहाच्या कपाला कान असतो तसा एक छोटा कान पडद्याच्या अलीकडून निघून पलीकडे चिकटलेला दिसेल. फोकसचा बारीक स्क्रू मागेपुढे केला की कान आणि धागा यांच्यामधली बारीक फट उघडते, मिटते. तो क्लॅम्प. धिंगरीच्या जोडधाग्यावर जवळपास प्रत्येक पडद्याला तो असतो, म्हणून एक सापडला की पुढचे सापडत जातात. मला पहिला दिसला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. बायकोला उठवून दाखवला. ती म्हणाली, "याच्यासाठी?"

कान कशासाठी, ते इथेच समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. धागा फार अरुंद. टोकाच्या पेशीतल्या दोन्ही केंद्रकांनी, त्यांना लाल आणि हिरवं म्हणू, एकामागे एक उभं राहून विभागणी केली, तर मधे पडदा पडल्यावर दोन्ही लाल एका खोलीत आणि दोन्ही हिरवी दुसऱ्या खोलीत अडकायची भीती. म्हणून टोकाजवळ बाजूनं एक आकडा फुटतो, मागच्या दिशेला वळलेला. दोन्ही केंद्रकं एकाच वेळी विभागतात. एकाची विभागणी आकड्याच्या आत तिरपी, दुसऱ्याची मुख्य धाग्यात. मग दोन पडदे पडतात, एक आकड्याच्या तोंडाशी आणि एक त्याच्याखाली धाग्यात आडवा. आता पुढच्या पेशीत लाल-हिरवं पूर्ण. मागच्या पेशीत एकच, आणि दुसरं आकड्यात कोंडलेलं. आकड्याचं टोक मागच्या पेशीला चिकटतं, भिंत विरघळते, कोंडलेलं केंद्रक उतरतं. जोडी पूर्ण. तुम्ही बघितलेला कान म्हणजे त्या केंद्रकानं घेतलेला बायपास.

एकोणिसाव्या शतकातच हे कान लोकांना दिसले होते, पण कशाला आहेत ते ठाऊक नव्हतं. १९१८ मध्ये पॅरिसमध्ये मातिल्द बेन्सोद या पोर्तुगीज बाईनं एकेका बीजाणूपासून धागे वाढवून दाखवलं की एकट्याला कान येत नाहीत, दोन जुळणारे भेटले की येतात. त्याच सुमाराला जर्मनीत हान्स क्नीप स्वतंत्रपणे तिथेच पोचला. आपण पुढे करणार आहोत तो प्रयोग मुळात त्यांचाच.

केंद्रकं रंगवणं

कॉटन ब्लूमध्ये केंद्रक दिसत नाही. पेशीत गोल ठिपके दिसतात, ते बहुधा तेलाचे थेंब नाहीतर रिकाम्या पोकळ्या. मी पहिल्या वर्षी त्यांनाच केंद्रकं समजून वहीत आकृत्या काढल्या. एका पेशीत सात मोजली होती. वही अजून आहे.

केंद्रकाला जिम्सा नावाचा रंग लागतो, मलेरियाच्या स्लाइडीला वापरतात तोच. माझा भाचा धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, त्यानं छोट्या बाटलीत दिला आणि सोबत ६.८ पीएचच्या बफरच्या गोळ्याही.

धागा आधी कव्हरस्लिपवर चढवायचा. त्यासाठी पीडीए, म्हणजे धागा वाढवायचं खाद्य, करा: २०० ग्रॅम बटाट्याच्या फोडी उकळून गाळलेलं पाणी, त्यात २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि १५ ते २० ग्रॅम अगर, एकूण एक लिटर. घरच्या प्रमाणात पाव लिटर करा, साधारण दहा डिश होतात. अगर म्हणजे किराणा दुकानातला चायना ग्रास. चालतो, फक्त बारीक कापून आधी नीट विरघळवा. बाटलीच्या तोंडाला कापूस आणि फॉइल लावून कुकरमध्ये पूर्ण प्रेशरवर २० मिनिटं. कव्हरस्लिपाही फॉइलमध्ये गुंडाळून त्याच कुकरात. ओतताना पंखा बंद, खिडकी बंद, गॅसच्या ज्योतीजवळ हात चालवा. अगर घट्ट झाल्यावर मधोमध स्पॉनचा एक दाणा, आणि दोन-तीन सेंटिमीटरवर कव्हरस्लिपा तिरप्या खोचा, पापड वाळवायला टेकवल्यासारख्या. चार-सहा दिवसांत धागे काचेवर चढतात. पातळ, कापसाच्या धुक्यासारखा थर आला की ओढून काढा. दाट झाला की उपयोग नाही.

मग अशी कव्हरस्लिप, धाग्याची बाजू वर ठेवून, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्लात अर्धा तास बुडवा. हे मिश्रण पेटतं, तेव्हा गॅस आता बंद. नंतर ७० टक्के अल्कोहोल, मग पाणी. पुढची पायरी चुकली तर सगळं वाया: एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, ६० अंशांवर, सात-आठ मिनिटं. आम्लाची वाटी गरम पाण्याच्या गंजात ठेवून थर्मामीटर लावा. हे कशाला? पेशीभर आरएनए पसरलेला असतो आणि जिम्सा त्यालाही रंगवतो, मग सगळा धागाच जांभळा होतो. गरम आम्ल आरएनए काढून टाकतं आणि डीएनए जागेवर ठेवतं. माझा पहिला बॅच ४५ अंशांवर झाला, आणि धागा कसा दिसला, तर जांभळीच्या रसात बुडवलेल्या सुतळीसारखा. तीव्र आम्लापासून करत असाल तर ८.३ मिली आम्ल पाण्यात घालून १०० मिली करा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. चष्मा, हातमोजे, आणि घरात लेकरं असतील तर हे काम ओळखीच्या कॉलेजच्या लॅबमध्ये करा.

मग थंड पाण्यात दोनदा बुडवून काढा, बफरमध्ये पाच मिनिटं, आणि बफरच्या २० मिलीत एक मिली जिम्सा घालून त्यात अर्धा-पाऊण तास. पाण्याची एक बुडी, कडेनं टिपकागद, आणि धाग्याची बाजू खाली करून बफरच्या थेंबावर ठेवा.

४० च्या भिंगाखाली फिकट निळसर धाग्यात गडद ठिपके दिसतील. ठिपका म्हणजे केंद्रक असं लगेच धरू नका. आधी क्लॅम्प शोधा, मग तिथून पुढच्या क्लॅम्पपर्यंत चालत जा आणि वाटेतले ठिपके मोजा. दोन यायला हवेत. लांब पेशीतसुद्धा ते बहुतेक एकमेकांच्या जवळ असतात, हाताच्या अंतरावर चालणाऱ्या दोन माणसांसारखे. तेल टाकून १०० चं भिंग लावलं तर आकारही कळतो, एक-दीड मायक्रॉनचा थोडा लांबट ठिपका. मी वीस पेशी मोजल्या. सोळात दोन, तिघांत एकच दिसलं, एकीत काहीच नाही. हे रंग नीट न बसल्यामुळे, निसर्गाचा अपवाद वगैरे नाही. म्हणून एका पेशीवरून निकाल लावू नये.

एकटा धागा, आणि जुळवणी

तुलनेला एकटा धागा असल्याशिवाय मला चैन पडेना. ताज्या धिंगरीची छत्री देठ कापून काळ्या कागदावर पालथी ठेवा, वर वाटी झाका. सकाळी कागदावर पात्यांचा पांढरा, किंचित जांभळट ठसा उमटलेला असतो. हे लाखो बीजाणू. तोंडाला मास्क लावा. धिंगरीच्या बीजाणूंनी मशरूम उगवणाऱ्या लोकांना खोकला आणि दम्यासारखा त्रास होतो.

ठशातलं चिमूटभर ९ मिली निर्जंतुक पाण्यात घाला, भांडी घासायचं लिक्विड टाचणीच्या टोकाएवढं घाला, हलवा. त्यातलं एक मिली दुसऱ्या ९ मिलीत, असं पाच वेळा. शेवटच्या तीन नळ्यांतले दोन-दोन थेंब वेगवेगळ्या डिशवर पसरा. तीन-चार दिवसांत रुजलेले बीजाणू दिसतात. डिश उपडी करून १० च्या भिंगाखाली बघा. शेजारी कुणी नसलेला एकटा रोप शोधा, डिशच्या मागे मार्करनं गोल करा आणि सुईनं अगरच्या कणासकट उचलून नव्या डिशमध्ये. दोन रोप एकमेकांना शिवायच्या आत. उशीर झाला की जोडी तिथेच जमते आणि तुमची मेहनत गेली.

मला सहा मिळाले, १ ते ६. वाढ संथ, आणि कितीही पडदे तपासले तरी क्लॅम्प नाही. जिम्सा केला तर पडद्यापासून पडद्यापर्यंत एक ठिपका. इथे मला पोट्ट्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

मग जुळवणी. सहांच्या पंधरा जोड्या होतात. प्रत्येक डिशमध्ये दोन तुकडे एक सेंटिमीटरवर ठेवा, दोन आठवडे थांबा, आणि जिथे भेटलेत त्या पट्ट्यातला धागा तपासा. माझ्याकडे चार जोड्यांत खरे क्लॅम्प आले. आणखी चारांत आकडा निघालेला, पण मागच्या पेशीला न चिकटलेला, अर्धवट. उरलेल्या सातांत काहीच नाही.

कागदावर मांडलं तेव्हा डोकं चाललं. धिंगरीत जुळण्याचे दोन घटक असतात, ए आणि बी. दोन्ही वेगळे असले तरच पूर्ण जोडी. ए वेगळा आणि बी सारखा असेल तर आकडा फुटतो, पण जुळत नाही. एका छत्रीच्या बीजाणूंत चार प्रकार निघतात. माझ्या सहांत एका प्रकारचे दोन, त्याच्या जोडीदार प्रकाराचा एक, आणि उरलेल्या दोन प्रकारांचं तसंच, दोन आणि एक. गणित करून बघा: खऱ्या जोड्या चार, अर्धवट चार, निकामी सात. तुमचे आकडे तुमच्या सहांवर ठरतील, पण भरपूर बीजाणू घेतले तर साधारण चारातली एक जोडी लागते.

आता ती लग्नाची उपमा. नर आणि मादी असे दोन गट इथे नाहीतच. एका छत्रीचे चार प्रकार, दुसऱ्या छत्रीचे बहुतेक वेगळेच. वाळलेल्या फांद्यांवर पावसाळ्यात पांढरी, केसाळ, पंख्यासारखी बुरशी येते ना, शिझोफायलम, तिच्यात अमेरिकेतल्या जॉन रेपर यांच्या कामातून असे वीस हजारांहून जास्त प्रकार असल्याचा अंदाज निघाला. परक्या दोघांचं जुळायची शक्यता जवळपास शंभर टक्के, सख्ख्या भावंडांची चारात एक. आपल्या समाजातली कुठलीही सोयरीक या हिशेबात बसत नाही.

मशरूम करायची नसेल तर गव्हावरचा तांबेराही चालतो. पानावरच्या नारिंगी पुळीतली पूड टिपली की तिच्यातल्या प्रत्येक बीजाणूत अशीच दोन केंद्रकं असतात, म्हणजे वाऱ्यावर जोडीच उडते. क्लॅम्पच्या नादात मी ते अजून रंगवलेलं नाही. यंदा फेब्रुवारीत गव्हाच्या शेताला जाणार आहे.

काम झालं की डिश तशाच कचऱ्यात टाकू नका. पातेल्यात बुडवून कुकरमध्ये २० मिनिटं, मग टाका. आणि ज्या जोड्या लागल्या त्या नळीत, तिरप्या पीडीएवर वाढवून फ्रिजमध्ये ठेवा, दर तीन-चार महिन्यांनी नव्या नळीत हलवा. आमच्या फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या डब्यामागे, चार नळ्या आहेत. त्यावर मी ‘२ × ५’ वगैरे लिहिलं होतं. त्याखाली बायकोनं स्केचपेननं ‘भाजीचं नाही’ लिहून ठेवलंय.